उन्हाचा खर्च कोणाच्या खाती?

चैत्र सरू लागला की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर तापमानाचे आकडे येऊ लागतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव, परभणी या नावांचा क्रम रोज बदलतो. पारा त्रेचाळिसावर थांबला की पंचेचाळिसावर गेला, याची चर्चा कचेरीत, एस. टी. च्या थांब्यावर आणि शिक्षकांच्या खोलीत रंगते. हा आकडा अंशांत सांगितला जातो, रुपयांत मात्र कधीच सांगितला जात नाही. वास्तविक त्यातील प्रत्येक अंशाची किंमत कोणीतरी मोजत असते. पावसाने ओढ दिली आणि पीक बुडाले, तर आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, काढली जाते, पंचनामे होतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. उन्हाने मजुराचा दिवस बुडाला, तर त्याची पैसेवारी काढणारा तलाठी अजून नेमला गेलेला नाही.

हवामानाचा आणि पर्यावरणाचा माणसाच्या आरोग्यावर परिणाम होतो, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. परंतु हा प्रश्न आपल्याकडे एकतर वैद्यकाचा म्हणून पाहिला जातो, नाहीतर निसर्गप्रेमाचा म्हणून. तो मुळात अर्थशास्त्राचाही आहे, आणि त्यातही उत्पादनाच्या अर्थशास्त्रापेक्षा वाटपाच्या अर्थशास्त्राचा अधिक आहे. उष्णतेचा खर्च टाळता येत नाही. तो दिला जातोच. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या खाती मांडला जातो. आज तो ज्याची ऐपत सर्वांत कमी आहे त्याच्या शरीराच्या खाती पडतो, आणि तेथे तो पडत असल्यामुळेच बाकीच्या समाजाला दिसत नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

न दिसणारा परिव्यय

उत्पादकाच्या हिशेबवहीत न येणारा, पण समाजाला सोसावा लागणारा खर्च, ही कल्पना अर्थशास्त्राला नवी नाही. केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात खाजगी आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावतीची पद्धतशीर मांडणी केली. गिरणीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराने शेजारच्या वस्तीतील कपडे काळे होतात. धुण्याचा खर्च वस्ती करते, नफा मालक नेतो. तीस वर्षांनी, १९५० मध्ये, कार्ल विल्यम काप यांनी या विचाराला अधिक धार आणली. त्यांच्या मते असे खर्च हे बाजारव्यवस्थेतील किरकोळ अपवाद नसून, खर्च दुसऱ्यावर ढकलता येणे हाच पुष्कळदा नफ्याचा एक आधार असतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. उष्माघाताने आडवा झालेला माणूस रुग्णालयात दाखल झाला, तर तेथील खाट, सलाइन आणि औषधे यांवरील खर्चाने राष्ट्रीय उत्पन्नात भरच पडते. तोच माणूस दवाखान्यात न जाता घरी ओल्या फडक्यावर दोन दिवस पडून राहिला आणि त्याची मजुरी बुडाली, तर त्या मजुरीची स्वतंत्र नोंद कोठेही होत नाही. आपल्या देशातील दहा श्रमिकांपैकी जवळजवळ नऊ असंघटित स्वरूपाचे काम करतात. त्यांना आजारपणाची पगारी रजा नाही. म्हणून त्यांच्या आजाराची हजेरीपटावरही खूण उमटत नाही.

औषधपाण्याच्या खर्चाचीही तीच गत आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु या हिशेबात बुडालेली मजुरी नाही, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या पत्नीचा बुडालेला रोज नाही, आणि सावकाराचे व्याज तर नाहीच नाही.

एक विसरलेला धडा

परिसरामुळे होणाऱ्या रोगाची किंमत मोजण्याचा आणि ती कमी करण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चण्याचा प्रयत्न आपल्या देशाने पूर्वी एकदा मोठ्या प्रमाणावर केला आहे. तो हिवतापाच्या बाबतीत. हिवताप हा खरोखर परिसराचा रोग. साचलेले पाणी, कालव्यांची पाझर, भातखाचरे, पाऊस आणि ऊब यांच्या मेळातून तो उपजतो. मलेरिया सर्व्हेचे संचालक सिंटन यांनी १९३० नंतरच्या दशकातच हिवतापामुळे हिंदुस्थानचे राष्ट्रीय, सामाजिक आणि आर्थिक नुकसान किती होते, याचा स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख त्याने दगावतात, असा अंदाज होता. १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय घेण्यात आले. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. हिमालयाच्या पायथ्याची तराई मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली येऊ शकली, त्याला हे एक प्रमुख कारण होते. येथे आरोग्यावरचा खर्च हा दानधर्म राहिला नाही. त्याने जमीन आणि मनुष्यबळ दोन्ही उत्पादनात आणले. तो उघड उघड भांडवली खर्च ठरला.

पण भांडवलाची देखभाल करावी लागते. डासांत डीडीटीला आलेली प्रतिकारशक्ती, कीटकनाशकांचा अपुरा पुरवठा आणि यश मिळाल्यावर देखरेखीत आलेली शिथिलता यांमुळे रोगाने पुन्हा डोके वर काढले. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांच्या वर गेली. ज्या खर्चात कपात करून आपण बचत केली असे वाटले, तो खर्च लोकांनी तापाच्या पाळ्यांच्या रूपाने भरला.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. परिसरातून उद्भवणाऱ्या रोगाची किंमत मोजता येते आणि ती सामुदायिक खर्चाने खाली आणता येते, ही पहिली. सरकारने हात आखडता घेतला म्हणून ती किंमत नाहीशी होत नाही, ती केवळ खाते बदलते, ही दुसरी. उष्णतेच्या प्रश्नाकडे या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून पाहिले पाहिजे.

ऊन आणि उत्पादन

काम करणारे शरीर स्वतःच एक भट्टी असते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ही उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने निघून गेली तरच शरीराचे तापमान सदतीस अंशांच्या आसपास टिकते. विदर्भातील कोरड्या हवेत घाम वाळतो, पण शरीरातले पाणी झपाट्याने आटते. मुंबई-कोकणातील दमट हवेत पाणी असूनही घाम वाळत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात चाळीस अंशांची आणि किनाऱ्यावर सदतीस अंशांचीच किमान मर्यादा धरते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे झालेल्या समारंभानंतर चौदा जणांचा मृत्यू झाला, हे वाचकांना स्मरत असेल. तेथे जमलेले लोक काही ओझी वाहत नव्हते. ते उघड्या मैदानात कित्येक तास केवळ बसून होते. मग त्याच उन्हात डोक्यावर विटा घेऊन चार मजले चढणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर काय ताण पडत असेल, याची कल्पना करता येईल.

अशा वेळी शरीर आपण होऊन वेग कमी करते. आळसाचा येथे काही संबंध नाही. जिवंत राहण्याची ती व्यवस्था आहे. अर्थशास्त्रज्ञ ज्याला उत्पादकतेतील घट म्हणतात ती हीच. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कारखान्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०२१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे वार्षिक उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते. त्यांना आणखी एक मार्मिक गोष्ट आढळली. जेथे कामाच्या जागी हवा थंड ठेवण्याची सोय होती, तेथे काम करताना होणारी घट टळली, परंतु गैरहजेरी टळली नाही. याचे कारण उघड आहे. मजुराचे आयुष्य कारखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो रात्रभर पत्र्याच्या खोलीत तळमळून आलेला असतो, आणि घरी आजारी पडलेल्या मुलाकडेही त्यालाच पाहावे लागते.

छपराखालच्या कारखान्याची ही स्थिती, तर उघड्यावरच्या कामाचे काय बोलावे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या हिशेबानुसार १९९५ मध्ये उष्णतेपायी भारतातील कामाचे ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्के होईल, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांच्या पूर्णवेळ कामाइतके श्रम गमावले जातील. शेती आणि बांधकाम या दोन क्षेत्रांवर याचा सर्वाधिक भार पडणार आहे, आणि आपल्याकडे शाळा सोडलेल्या, जमीन गमावलेल्या, गावाबाहेर पडलेल्या माणसाला उघडी असलेली दारे याच दोन क्षेत्रांची आहेत.

“ऊन काय आजचे आहे? आमचे आजोबा वैशाखात नांगर धरीतच होते,” असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असे भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. सरासरीतील लहान वाढ टोकाच्या दिवसांची संख्या पुष्कळ वाढवते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. आजोबा नांगर धरीत ते पहाटे, आणि ऊन चढले की बैल सोडीत. वैशाख हा रब्बीची रास झाल्यानंतरचा आणि पेरणीपूर्वीचा सैल काळ होता. कृषिसमाजाने आपले कामाचे वेळापत्रक शतकानुशतकांच्या अनुभवातून सूर्याशी जुळवून घेतले होते. ठेकेदारीच्या अर्थव्यवस्थेने ते उलटे केले आहे. पावसाळ्यापूर्वी रस्ता, पूल, नालेसफाई पुरी झाली पाहिजे, म्हणून एप्रिल आणि मे हेच उघड्यावरच्या कामाचे सर्वांत धामधुमीचे महिने ठरतात. बैलाला जी दुपार मिळत होती ती आज मजुराला मिळत नाही.

मोजमापाची मजुरी आणि खाडा

आता वाटपाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. महिन्याचा पगार घेणाऱ्याची उत्पादकता उन्हाने घटली, तर तोटा मालकाचा किंवा सरकारचा होतो. परंतु जेथे मजुरी मोजमापावर, म्हणजे किती घनमीटर माती काढली, किती ब्रास खडी फोडली, किती टन ऊस तोडला, यावर ठरते, तेथे उत्पादकतेतील घट पूर्णपणे मजुराच्या अंगावर येते. शरीराने वेग कमी केला तर मजुरी घटते. वेग कमी केला नाही तर प्रकृती जाते. या दोहोंतून निवड करण्याच्या त्याच्या हक्काला करारस्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे.

मराठवाड्यातील ऊसतोडणीची पद्धत हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते आणि ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते. एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ पडतो. खाड्याने त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय दंडाची रक्कम उचलीच्या बाकीत चढते. म्हणजे या व्यवस्थेत विश्रांती फुकट नाही, ती कर्जाने विकत घ्यावी लागते. विश्रांतीची किंमत इतकी चढी ठेवली की माणसे काय करतात, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१९ मध्ये नेमलेल्या राज्य समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांचा संबंध थेट उन्हाशी जोडणे चूक होईल. पण त्यामागील आर्थिक तर्क आपल्या विषयाचाच आहे. कामाचे नियम शरीराशी जुळवून घेत नाहीत, तेव्हा शरीरालाच नियमांशी जुळवून घ्यावे लागते.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल् साल्व्हादोर या देशांत हाच ऊस तोडणारे तरुण मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने मोठ्या संख्येने दगावले. मधुमेह वा रक्तदाब नसताना हे का घडते, याचा शोध घेताना उष्णता, निर्जलता आणि अतिश्रम यांकडे संशोधकांचे लक्ष गेले. तेथील काही मळ्यांत पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांची योजना सुरू झाली, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा घटली आणि मजूरमागे तोडला जाणारा ऊस कमी होण्याऐवजी वाढल्याची नोंद झाली. विश्रांती दिली की उत्पादन बुडते, या समजुतीला अनुभवाचा आधार नाही. तरीही मालक आपण होऊन ती देत नाही, कारण न दिल्यामुळे होणारे नुकसान त्याला भरावे लागत नाही. बदली मजूर फाटकाबाहेर उभाच असतो.

शेतातून शाळेपर्यंत

उन्हाचा घाव केवळ त्वचेवाटे आत शिरत नाही. तो मिळकतीवाटेही शिरतो. रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील जिल्हावार मृत्यूंचा जो अभ्यास केला, त्यात अतिउष्ण दिवसांनी ग्रामीण भागातील मृत्यूचे प्रमाण लक्षणीय वाढते, शहरात मात्र फारच कमी वाढते, असे आढळले. विशेष म्हणजे हा परिणाम शेतात पीक उभे असतानाच्या उष्ण दिवसांचा होता. ऊन पिकाला मारते, पीक मिळकतीला, आणि मिळकत गेली की अन्न व औषध यांवर गदा येते. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष बँकेत काम करणाऱ्या वाचकांना समाधान देईल. राष्ट्रीयीकरणानंतरच्या काळात जेथे ग्रामीण शाखा अधिक उघडल्या गेल्या, तेथे उष्णतेने होणारे मृत्यू तुलनेने कमी होते. अडचणीच्या वर्षात मिळालेल्या पाचशे-हजार रुपयांच्या कर्जाने माणसे जगली. वातानुकूलन यंत्रांची विक्री मोजणाऱ्यांना हा उपाय सुचणार नाही.

शिक्षकांना जवळचे वाटावे असे आणखी एक संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रामीण भारतातील मुलांच्या चाचण्यांचे गुण तपासता, आदल्या वर्षी उष्ण दिवस अधिक असतील तर पुढच्या वर्षी गणित आणि वाचन या दोहोंत मुले मागे पडतात, असे त्यात दिसून आले. येथेही दुवा शेतीच्या उत्पन्नाचाच निघाला. आणि जेथे रोजगार हमीचे काम उपलब्ध होते, तेथे ही घसरण सौम्य होती. वर्गातील मागच्या बाकावरचा मुलगा गणितात का घसरला, याचे उत्तर कधीकधी गेल्या वर्षीच्या करपलेल्या पिकात सापडते. हमीची मजुरी देणारी योजना, मग ती कोणत्याही नावाने चालो, हे हवामानाविरुद्धचे एक संरक्षण आहे, हे महाराष्ट्राने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी या कल्पनेला जन्म दिला आणि १९७७ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले.

इशारा पुरेसा नाही

सार्वजनिक पातळीवर काय करता येते, याचा वस्तुपाठ अहमदाबादने घालून दिला. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील त्याच महिन्याशी तुलना करता त्या मे महिन्यात १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासात निष्पन्न झाले. उष्माघाताचे प्रमाणपत्र मिळालेले मृत्यू याच्या अल्पांशानेही नसतात; बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंड किंवा वार्धक्य या सदरांत विरून जातात. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा तयार केला. रंगांनी दिलेले इशारे, पाणपोया, डॉक्टरांचे प्रशिक्षण, उद्याने उघडी ठेवणे आणि पुढे छपरांना पांढरा रंग देणे, असे त्यातील उपाय अगदी साधे होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत दरवर्षी सरासरी सुमारे ११९० मृत्यू टळले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्या पैशात इतके जीव वाचविणारा दुसरा सार्वजनिक खर्च शोधून सापडणे कठीण. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे असे आराखडे केले, हे योग्यच झाले.

तथापि या आराखड्यांची एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका,’ हा उपदेश पगारी माणसासाठी आरोग्याचा सल्ला आहे. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो मजुरी सोडण्याचा हुकूम आहे. ज्याला हुकूम पाळणे परवडत नाही, त्याला इशाऱ्याचा उपयोग काय? माहितीचा अभाव हे त्याच्या दुःखाचे कारण नाही. ऊन किती आहे हे त्याला हवामान खात्याच्या आधी कळते. त्याच्याकडे नाही ती भरपाई.

ही भरपाई कशी देता येईल, याचे काही नमुने आता समोर आहेत. ‘सेवा’ या स्त्री-श्रमिकांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेतील २१ हजार स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला आणि २०२४ मध्ये तो राजस्थान व महाराष्ट्र धरून सुमारे ५० हजार स्त्रियांपर्यंत नेला. तापमानाने ठरलेली मर्यादा ओलांडली की दावा, पंचनामा, प्रमाणपत्र यांविना रक्कम खात्यात जमा होते. प्रयोग मोलाचा आहे. पण विमा हा क्वचित येणाऱ्या संकटावरचा उपाय आहे. दरवर्षी हमखास येणाऱ्या उन्हाळ्याचा भार मुख्यतः मजुरीच्या दरात आणि कामाच्या नियमांतच सामावला गेला पाहिजे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात रोजगार हमीच्या कामांवर उन्हाळी महिन्यांत मोजमापात वीस ते तीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्यात येत असे. कमी माती काढूनही पूर्ण मजुरी मिळण्याची ती सोय होती. शरीराच्या मर्यादेची दरपत्रकाने घेतलेली ही दखल होय.

याहूनही महत्त्वाचा दाखला दिल्लीचा आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर मजूरकल्याणासाठी एक टक्का उपकर बसविला गेला. या निधीतील प्रचंड रकमा वर्षानुवर्षे अखर्चित पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. २०२४ च्या हिवाळ्यात हवेच्या प्रदूषणामुळे दिल्ली परिसरातील बांधकामे बंद ठेवावी लागली, तेव्हा न्यायालयाने याच निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता देण्याचे आदेश दिले. या आदेशातील तत्त्व दूरगामी आहे. हवा बिघडल्याने काम थांबते, तेव्हा थांबलेल्या कामाची किंमत मजुराने देऊ नये. मग हवा धुराने बिघडली काय आणि तापाने बिघडली काय, न्याय वेगळा का असावा?

महाराष्ट्राने काय करावे

महाराष्ट्राला यासाठी परक्या आदर्शांची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित हमालांसाठी मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन मंडळामार्फत रजा, भविष्यनिर्वाह आणि औषधोपचार यांची सोय करण्याचा मार्ग याच राज्याने देशाला दाखविला. कायम मालक नसलेल्या मजुरालाही पगारी विश्रांती देता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले आहे. तोच मार्ग उन्हाच्या प्रश्नाला लागू करता येईल. हवामान खात्याने ज्या दिवशी तीव्र उष्णतेचा इशारा दिला असेल, त्या दिवशी दुपारचे उघड्यावरचे काम बंद आणि त्या तासांची मजुरी बांधकाम उपकराच्या निधीतून, असा नियम करता येईल. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत सिमेंट आणि लोखंड यांच्याप्रमाणेच सावली, पिण्याचे पाणी आणि विश्रांतीचे तास यांची स्वतंत्र बाब असावी. म्हणजे प्रामाणिक ठेकेदार निविदेत मागे पडणार नाही. ऊसतोडणीत इशाऱ्याच्या दिवसांचा खाडा धरू नये. आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एप्रिल ते जूनमधील सर्व मृत्यूंची सरासरीशी तुलना दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. कारण जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने उष्णतेच्या लाटेला राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत स्थान दिले नव्हते. आपल्या प्रतिसाद निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींवर खर्चण्याची मुभा मात्र राज्यांना होती. खरी आकडेवारी हाती असती तर राज्यांचे म्हणणे अधिक वजनाने मांडता आले असते.

यासाठी पैसा लागेल आणि तो कोणाला तरी द्यावा लागेल, हे लपविण्यात अर्थ नाही. सदनिका थोडी महाग होईल, रस्त्याचा अंदाजित खर्च थोडा वाढेल, साखरेच्या दरात काही पैशांची भर पडेल. हा भार ग्राहकावर आणि करदात्यावर, म्हणजे बव्हंशी आपल्यासारख्या मध्यमवर्गावर पडेल. पण तो नवा भार नव्हे. आजवर आपल्या वतीने दुसरा कोणी जो खर्च भरीत आला, त्यातला आपला वाटा आपल्याकडे येईल इतकेच. मे महिन्यात आपल्याला सुट्टी असते, शाळा सकाळची भरते, कचेरीत डोक्यावर पंखा फिरतो. आणि आजारी पडल्यास रजेचा अर्ज देता येतो. या सोयी कोणी दयेपोटी दिलेल्या नाहीत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या मागच्या पिढ्यांनी त्या संघटना करून, मोर्चे काढून मिळविल्या. शरीराला विश्रांतीचा हक्क आहे, हे तत्त्व आपण स्वतःपुरते केव्हाच मान्य करून घेतले आहे. आपल्या घराच्या विटा वाहणाऱ्याला आणि आपल्या चहातील साखरेचा ऊस तोडणाऱ्याला ते लागू करताना आपण किती घासाघीस करणार, एवढेच आता ठरवायचे आहे.